साहेबाची कबर आणि बंद खदान: पाहायला जाताना काय सांभाळावे?

केळीबाग:
शिरपूर तालुक्यात तापीकाठी नातेवाइकांकडे गेलो असता गावाबाहेर बाभळीच्या झुडपांत चौथऱ्यावरची एक जुनी कबर पाहण्यात आली. गावकरी तिला ‘साहेबाची कबर’ म्हणतात. शिळेवर इंग्रजी अक्षरे आहेत, परंतु कोणीतरी त्यांत चुना भरल्यामुळे ती लागत नाहीत. जवळच कित्येक वर्षे बंद पडलेली खदान असून तिच्या कडेला एक भुयार आहे. दिवाळीनंतर आम्ही तिघे मित्र तेथे जाणार आहोत. परवानगी कोणाची घ्यावी, शिळा कशी वाचावी, आणि भुयारात शिरावे का?

तापीथडी:
त्या भागात साहेबाची कबर असण्यात नवल नाही. थाळनेरच्या किल्ल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रजांशी लढाई झाली आणि त्यात त्यांचे अधिकारीही पडले. पुढे १८२५ मध्ये जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली. त्याच थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, तर अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करणारा मेजर रॉबर्ट गिल (मृत्यू १८७९) भुसावळला पुरलेला आहे. तरीही तुमची कबर कोणाची, हे शिळा वाचल्याविना ठरवू नये. गावोगावी अशा कबरींना हवे ते नाव चिकटते.

वाचण्यासाठी चुना, खडू, कोळसा काहीही लावू नका. मी एकदा एका शिळेपुढे भर दुपारी अर्धा तास बसलो आणि मला खडबडीत दगडाखेरीज काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राने दाढीचा आरसा कडेला धरून ऊन शिळेवर आडवे पाडले, तेव्हा वयाचे दोन आकडे सावलीतून उठून आले. त्याच उजेडात तिरपे फोटो काढावेत. नाव आणि साल मिळाले, तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील दफनाच्या नोंदींत शोध घेता येतो.

काळापाषाण:
भुयारात शिरू नका. आपल्याकडचा दगड बेसाल्ट आहे. त्यात धातूच्या खाणी नाहीत, म्हणून ज्याला लोक खाण म्हणतात ती बहुधा दगडाची किंवा मुरमाची खदान असते. तिची भिंत सरळ तुटलेली असते आणि साचलेल्या पाण्याला उतार नसल्याने काठावरून पाय घसरल्यास पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. बंदिस्त जागेत प्राणवायू कमी पडतो, किंवा हवेहून जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे माणूस कोसळेपर्यंत काही कळत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तेथेच पडतो. दगडांत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे. फुरसे आपल्या भागात कमी नाही.

सातबारा:
जमीन कोणाची आहे हे तलाठ्याकडे पाहून मालकाला आणि गावच्या सरपंचांना विचारून जा. खणू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि तीन अनोळखी तरुण कबरीपाशी फावडे घेऊन दिसले की गावात गुप्तधनाचीच चर्चा सुरू होते.

केळीबाग:
भुयार रद्द केले. मात्र आधीचा चुना व्हिनेगरने काढता येईल का?

तापीथडी:
अजिबात नको. शिळा संगमरवराची असेल, तर चुन्याबरोबर अक्षरेही विरघळतील. नुसते पाणी आणि मऊ कुंचला पुरे, आणि दगडाचे पोपडे सुटत असतील तर तेही नको.