मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल घरी बदलायचंय (शनिवारच्या आत)

शिवणेकर
गाडी ऑटोमॅटिक आहे, पंचाऐंशी हजारांच्या पुढे चालली आहे. थंड असताना ठीक चालते, गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका मारते. गॅरेजवाला म्हणतो मशीन लावून पूर्ण फ्लश (दाबाने सगळं जुनं तेल काढून नवं भरणं) करावं लागेल, गाडी ठेवून जा. शनिवारी पहाटे आईबाबांना घेऊन गुहागरला निघायचंय, कुंभार्ली घाटाने. गाडी ठेवायला वेळ नाही. इंजिन ऑइल मी घरीच बदलतो, हत्यारं आहेत. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) किती लिटर आणू आणि कुठलं? आज रात्रीपर्यंत सांगा प्लीज. "गॅरेजला द्या" हे उत्तर नको, ते मला माहीत आहे.

पाना_बारा
गाडी कुठली, साल कुठलं? आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून चार प्रकारचे गिअरबॉक्स विकले जातात: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते), सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा), ड्युअल क्लच आणि एएमटी. चारही ठिकाणी तेल वेगळं, पद्धत वेगळी. सीव्हीटीत साधं एटीएफ पडलं तर आतला पट्टा घसरून गिअरबॉक्स बाद होऊ शकतो. डॅशबोर्डवर दिवा लागतोय का? आधी तेल कधी बदललंय? डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढून रंग पाहिलात का? हे कळल्याशिवाय लिटर सांगण्यात अर्थ नाही.

मोहोळकर
एवढं काही अवघड नाही. माझीही ऑटोमॅटिक आहे. गावाकडच्या मेकॅनिकला घरी बोलावलं, त्याने अंगणात अर्ध्या तासात बदलून दिलं. साधं गिअर ऑइल, मॅन्युअल गाडीला घालतात तेच. गाडी आता मस्त पळते. उगाच चार प्रकार सांगून माणसाला घाबरवू नका.

पाना_बारा
काका, तुमची एएमटी असणार. तिचा गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. तिला मॅन्युअलचं तेल बरोबर आहे. तेच घट्ट तेल टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये घातलं तर आतले क्लच आणि व्हॉल्व्ह नीट काम करणार नाहीत. शिवणेकर, काकांचा सल्ला तुमच्या गाडीला लावू नका.

शिवणेकर
होंडा सिटी, २०११, पेट्रोल. स्टिअरिंगमागे गिअर बदलायचे पॅडल आहेत. गाडी मामांकडून घेतली. त्यांच्या बिलांच्या फायलीत इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक पॅड सगळं आहे, गिअरच्या तेलाची एकही नोंद नाही. दिवा लागत नाही. डिपस्टिक म्हणजे इंजिनचीच ना?

रेडिएटर
सिटी असेल तर सोपं आहे. एचएमएमएफ नावाचं होंडाचं तेल आणा. माझी सिटी सुटताना थरथरायची, ते घातल्यावर थांबली. डोळे झाकून तेच घ्या.

पाना_बारा
डोळे झाकून नको! रेडिएटर, तुमची सिटी २००८ च्या आधीची सीव्हीटी दिसतेय. सुटताना थरथरणं हे त्याच मॉडेलचं लक्षण, आणि एचएमएमएफ त्याच सीव्हीटीचं तेल. २००९ ते २०१३ च्या सिटीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. २०१४ पासून पुन्हा सीव्हीटी आली, तिला एचसीएफ-२ लागतं. नाव एकच 'सिटी', पण आतला डबा प्रत्येक वेळी वेगळा.

२०११ ला होंडा एटीएफ डीडब्ल्यू-१. जुन्या मॅन्युअलमध्ये झेड-१ लिहिलं असेल, त्याची जागा डीडब्ल्यू-१ ने घेतली. पार्ट्सच्या काउंटरवर गाडीचा चॅसी नंबर दाखवून घ्या, सुटं तेल विकणाऱ्या दुकानातून नको. एका वेळी अडीच लिटरच्या आसपास निघतं, तीन लिटर आणा. सोबत ड्रेन बोल्टचा (तेल सोडायच्या खालच्या बोल्टचा) नवा वॉशर.

जुनाजाणता
माझं ऐका. पंचाऐंशी हजार चाललेल्या, कधीच तेल न बदललेल्या गिअरबॉक्सला हातही लावू नका. आमच्या शेजाऱ्यांनी बदललं आणि पुढच्या महिन्यात गाडीने रिव्हर्स घेणं सोडलं. जुन्या तेलात क्लचचा जो भुगा मिसळलेला असतो त्याच्यावरच गाडी पकड धरून असते. ते काढलं की संपलं. कंपन्याही 'लाइफटाइम' तेल म्हणतात ते उगाच नाही.

सुरभी_क
या समजुतीपायी कितीतरी चांगले गिअरबॉक्स तेल न बदलताच मरतात, म्हणून सविस्तर लिहिते.

एटीएफची कामं तीन: वंगण, थंडावा, आणि त्याच्याच दाबाने क्लच दाबले जातात. तापून तापून त्यातली रसायनं संपतात, मग क्लच एकदम तरी पकडतो नाहीतर घसरत पकडतो. शिवणेकरांचा गरम झाल्यावरचा झटका यात बसतो. जुनाजाणता, तुमच्या शेजाऱ्यांची गाडी बहुधा आधीच घसरत होती, म्हणूनच तेल बदलायची आठवण झाली. ज्याचे क्लच झिजलेत त्याला नवं तेल वाचवू शकत नाही, आणि लोक दोष तेलाला देतात. 'लाइफटाइम'चं म्हणाल तर ते कुणाचं लाइफ, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

मात्र मशीनच्या फ्लशला माझाही विरोध आहे. दाबाने तेल ढकललं की तळाशी बसलेली घाण उठून व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब वाटणाऱ्या बारीक वाटांच्या ठोकळ्यात) जाऊ शकते. होंडाची पद्धत साधी आहे: ड्रेन करा, भरा, गाडी फिरवा, पुन्हा ड्रेन. एका वेळी सगळं निघत नाही कारण बरंच तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं. समजा आत सहा लिटर आहे आणि अडीच निघालं. पहिल्या वेळी जुनं ५८ टक्के उरतं, दुसऱ्या वेळी ३४, तिसऱ्या वेळी २०. हळूहळू बदलत असल्यामुळे गिअरबॉक्सला एकदम धक्का बसत नाही. जुनाजाणतांना जी भीती वाटतेय तिचं उत्तर हेच आहे.

न्यूजर्सीहून
तीन वेळा कशाला? गिअरचं तेल थंड करणाऱ्या कूलरची परत येणारी नळी काढून बादलीत सोडा, इंजिन चालू करा, जुनं बाहेर येतं तसं वरून नवं ओतत जा. लाल स्वच्छ तेल येऊ लागलं की बंद. मी इकडे सगळ्या गाड्यांना असंच करतो. एका दुपारचं काम, आणि जुनं तेल ऑटो पार्ट्सच्या दुकानात फुकट परत घेतात.

सुरभी_क
पद्धत चालते, पण दोन माणसं लागतात आणि ओतणाऱ्याचा हात मागे पडला की पंप कोरडा फिरतो. पहिल्यांदा करणाऱ्याने, तेही घाटात जायच्या आदल्या दिवशी, हे करू नये.

न्यूजर्सीहून
इंजिन ऑइल घरी बदलणारा माणूस नळीचा क्लॅम्प काढू शकतो. तुम्ही लोकांना फार जपता.

सुरभी_क
क्लॅम्प काढता येतो हो. प्रवासाच्या आदल्या रात्री जुनी रबरी नळी टोकाला चिरली तर पुण्याजवळच्या शिवणे गावात ती कुठून आणायची, हा प्रश्न आहे.

विनायक७४
मी पहिल्यापासून सांगतो, मॅन्युअलच घ्यावी. माझी डिझेल मॅन्युअल कोकणच्या रस्त्यावर २२ देते. ऑटोमॅटिकला ना मायलेज ना घाटात जोर.

शिवणेकर
विनायक, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गाडी तेही चालवतात, म्हणून ऑटोमॅटिक. तो विषय नाही.

सुरभीताई, ड्रेन-फिलच करतो. पण भरायचं कुठून आणि पातळी कशी बघायची? इंजिनच्या डिपस्टिकवर तर एटीएफचं काही नाही.

मोहोळकर
पातळी इंजिन चालू ठेवून बघायची. कुठल्याही ऑटोमॅटिकला हाच नियम. आमच्या साहेबांच्या जुन्या टोयोटाला ड्रायव्हर तसंच बघायचा.

सुरभी_क
टोयोटाला बरोबर. होंडाला नाही, आणि इथेच घोळ होतो. इंजिन चालू असताना पंप तेल वर उचलून धरतो, म्हणून होंडाच्या डिपस्टिकवर पातळी कमी दिसते. माणूस वर आणखी तेल ओततो, आत फेस होतो आणि झटके वाढतात.

होंडात गाडी सपाट जागी लावा, रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत गरम करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून पी मध्ये आणा, इंजिन बंद करा, एक मिनिट थांबा आणि दीड मिनिट व्हायच्या आत डिपस्टिक बघा. ती वेगळी असते, बॅटरीच्या बाजूला खालच्या अंगाला, मॅन्युअलमध्ये चित्र आहे. पुसायला दोरे सुटणारी चिंधी वापरू नका, आतले व्हॉल्व्ह बारीक असतात.

पाना_बारा
आता हाताचं काम सांगतो. आधी डिपस्टिक बाहेर काढून ठेवा, म्हणजे भरायची वाट मोकळी आहे याची खात्री होते. खालचं तेल सोडून बसलात आणि वरून भरता येईना, असं व्हायला नको. लांब बारीक नळीचं नरसाळं त्याच भोकातून जातं.

ड्रेन बोल्टला चौकोनी खाच असते, ३/८ इंची रॅचेट थेट तिच्यात बसतो, सॉकेट लागत नाही. खाच साफ करूनच रॅचेट घाला, अर्धवट बसला तर कडा गोल होतात. इंजिन ऑइलचा बोल्ट वेगळा, तो चुकून सोडू नका. जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, जॅक स्टँड लावा, मागच्या चाकांना विटा लावा. तेल कोमट असावं, कडकडीत नको, हात भाजतो.

निघालेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा. जेवढं निघालं तेवढंच भरा. बोल्ट नवा वॉशर घालून ४९ न्यूटन-मीटरला आवळा. बोल्टच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाची बारीक पेस्ट असेल तर ती झीज नेहमीची आहे, पुसून टाका. टोचणारे तुकडे निघाले तर गुहागर रद्द करा आणि इथे फोटो टाका.

जुनाजाणता
आणि ते जुनं तेल फेकू नका. वाळवीवर याच्यासारखा उपाय नाही. दाराच्या चौकटीला, तुळयांना ब्रशने लावा.

घाटमाथा
नका लावू. घरातल्या लाकडाला लावलेलं हे तेल वर्षानुवर्षं वास सोडतं, अंगाला लागतं, आणि गटारात गेलं तर नदीत उतरतं. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात येतं. नव्या तेलाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, झाकण लावून, ज्या गॅरेजकडून तेल उचलायला गाडी येते तिथे द्या. बरेच जण आनंदाने घेतात.

अवांतर: व्हेल माशाचं तेल एकेकाळी एटीएफमध्ये घालायचे. स्पर्म व्हेलचं. क्लच हळुवार पकडावा म्हणून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याच्यावर बंदी आली तेव्हा तेल कंपन्यांना पर्याय शोधावा लागला. एका गिअरच्या झटक्यापायी इतके मोठे प्राणी मारले जात होते हे वाचल्यापासून मला डिपस्टिक काढताना दर वेळी ते आठवतं.

मोहोळकर
व्हेलचं माहीत नव्हतं. अशी माहिती येत राहू दे.

शिवणेकर
झालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगला हरकत घेतली म्हणून मित्राच्या वर्कशॉपच्या आवारात केलं, तिथली फरशी सपाटही आहे.

तेल कोऱ्या चहासारखं काळपट, लाल रंगाचा मागमूस नाही. वास उग्र, पण जळका म्हणावा इतका नाही. अडीच लिटरला थोडं कमी निघालं, तेवढंच डीडब्ल्यू-१ भरलं. चुंबकावर करडी पेस्ट, बोटांत चोळली तर मऊ लागली, टोचलं काही नाही. पंखा फिरल्यावर इंजिन बंद करून पातळी बघितली, दोन खुणांच्या मध्ये आहे. एनडीए रोडला फेरी मारून आलो. झटका बराच कमी झालाय, पण गरम झाल्यावर दुसरा-तिसरा अजून हलका ढकलतो. आता आणखी एक ड्रेन रात्रीच करू का? घाटात घेऊन जाऊ ना?

रेडिएटर
झटका राहिलाच आहे तर मशीन फ्लश करून टाका एकदाचं.

सुरभी_क
नको. मऊ पेस्ट आणि जळका वास नाही, ही दोन्ही चांगली लक्षणं आहेत. आत अजून अर्ध्याहून जास्त जुनंच तेल आहे, त्यामुळे थोडा झटका राहणारच. रात्री घाईने दुसरा ड्रेन नको. नवं तेल जुन्यात मिसळून सगळीकडे फिरू दे, नाहीतर आत्ताच भरलेलं नवं तेलच पुन्हा बाहेर काढाल.

घाटात जा. चढावर ट्रकच्या मागे रांगायची वेळ आली तर अंतर सोडा, अर्ध्या ब्रेकवर सरकत राहू नका. उतारावर पॅडलने खालचा गिअर घ्या. घाटाच्या आधी हेळवाकला चहाला थांबाल तेव्हा गाडीखाली वाकून ड्रेन बोल्ट बघा, कोरडा असला पाहिजे. वाटेत डॅशबोर्डवरचा डी चा दिवा लुकलुकायला लागला तर गिअरबॉक्सने चूक नोंदवलीय असं समजा, घाट चढू नका, थांबा.

परत आल्यावर दुसरा ड्रेन, मग थोडं चालवून तिसरा. तिसऱ्यानंतरही झटका असेल तर तेलाचा दोष नाही. मग क्लचचे प्रेशर स्विच आणि इंजिनचे माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) तपासा. माउंट फाटलं असेल तर गिअर नीट पडूनही धक्का जाणवतो.

पाना_बारा
+१. वॉशर आत्ताच आणखी दोन घेऊन ठेवा, सोमवारी काउंटरवर मिळतीलच असं नाही. आणि मॅन्युअलच्या मागच्या पानावर आजची तारीख, किलोमीटर आणि तेलाचं नाव लिहा. मामांच्या फायलीत तेच नव्हतं.

शिवणेकर
वॉशर घेतले, नोंद केली. पहाटे चारला निघतोय. चिपळूणला पोचलो की कळवतो.

विनायक७४
चिपळूणला पोचल्यावर मायलेज किती दिलं तेही लिहा.