मदत हवी आहे : ल्हासा तिबेटीतील सूर दोन मानावेत की चार?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला असून मक्याच्या व्यवहारानिमित्त मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत माझे नेहमी जाणे-येणे असते. १९६६ पासूनच्या या वसाहतीत हिंदी-कन्नडावर काम भागते. तिबेटी शिकणे ही निव्वळ हौस आहे.

सुराचे, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या आवाजाच्या उंचीचे, मूळ मला बऱ्यापैकी उमगले आहे. लेखनात शब्दारंभी अघोष (क, त, प, स सारखे) व्यंजन असेल तर सूर वरचा आणि घोष (ग, द, ब सारखे) असेल तर खालचा लागतो. 'सा' वरच्या सुरात म्हटले की माती. तेच खालच्या सुरात म्हटले की खाणे, कारण तिथे लिपीत 'झ'सारखे घोष अक्षर आहे. 'ङ' खालच्या सुरात 'मी' आणि वरच्या सुरात 'पाच' होतो. या 'पाच'च्या डोक्यावर लिपीत एक मूक 'ल' असतो, त्यामुळे 'ङ' घोष असूनही सूर वर जातो. भाव ठरवताना हा भेद किती नडेल, हे वेगळे सांगायला नको.

स्वरांचा हिशेब निराळा आहे. शब्दान्ती द, न, ल किंवा स असला की आधीचा अ, ओ किंवा उ तोंडात पुढे सरकतो. तिबेटचे नाव 'बोद' असे लिहितात, पण बोलताना 'द' ऐकू येत नाही आणि 'ओ' म्हणताना ओठ गोल राहून जीभ मात्र 'ए'च्या जागी जाते. म्हणजे सूर आरंभावरून ठरतो आणि स्वराचा रंग शेवटावरून.

घोडे अडले आहे ते पुढे. 'खम' म्हणजे तुकडा आणि 'खम्स' म्हणजे खाम प्रांत. दोन्हींचा सूर वरचा, स्वरही एकच, 'स' मूक. तरी दुसऱ्या शब्दात आवाज शेवटी झरकन उतरतो. हा उतार स्वतंत्र सूर मानून एकूण चार सूर धरावेत, की सूर दोनच मानून उताराचे श्रेय त्या लुप्त 'स'ला द्यावे? आपल्या भागातल्या कानाला कन्नडमुळे ऱ्हस्व-दीर्घ चटकन कळते: 'कोडु' म्हणजे दे, आणि त्यातला 'ओ' लांबवला की शिंग. आवाजाची चढ-उतार मात्र आपण प्रश्न किंवा राग म्हणूनच ऐकतो, त्यामुळे उतार कुठे आणि नुसती लांबी कुठे, हे मला निवडता येत नाही.

शिवाय जोडशब्दात दुसऱ्या अवयवाचा वर-खाल भेद मावळतो. तेव्हा हा उतार तरी टिकतो का? आणि देवनागरीत टिपणे काढताना सूर व पुढे सरकलेले स्वर कोणत्या खुणांनी दाखवावेत? ज्यांनी तिबेटी किंवा पंजाबीसारखी सूर असलेली भाषा शिकली आहे, त्यांनी कृपया उदाहरणांसह सांगावे.