फॉर्मात 'शरद' चालतो, 'वसंत' चालत नाही. वेगळा 'सोपा मोड' काढावा का?

अंबाझरीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं मित्र नागपुरात एका पतसंस्थेचं ऑनलाइन काम पाहतो. सभासदानं आरडीचा हप्ता भरायचा, पावती उतरवून घ्यायची, एवढंच. साडेतीन महिने झाले सुरू होऊन, तरी इतवारीच्या शाखेत सकाळी दहाची रांग आहे तेवढीच आहे. संचालक म्हणतात, बहुतेक सभासद साठीच्या वरचे, त्यांच्यासाठी मोठ्या बटणांचा वेगळा सोपा मोड काढा. अध्यक्षांनी तर नावही सुचवलं, 'ज्येष्ठ मोड'. माझी आई ६८ वर्षांची आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "मी नाही दाबणार बाप्पा ते बटण."

त्यात आणखी एक भानगड. नाव मराठीतही लिहिता यावं म्हणून मी तपासणी बदलली. कुठल्याही भाषेचं अक्षर चालेल, आकडे आणि चिन्हं नकोत. आता शरद, कमल, नयन निमूट पुढे जातात आणि वसंत, मीना, शकुंतला अडकतात. खाली लाल अक्षरांत, "कृपया वैध नाव प्रविष्ट करा". एक काका शाखेत येऊन विचारून गेले, "माझं नाव अवैध कधीपासून झालं?"

रविवारी आईलाच गच्चीत फोन देऊन बसवलं. नवतपा सुरू, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापाचे नऊ दिवस. सकाळी साडेआठलाच ऊन डोळ्यांत जातंय. रकान्यातली फिकट राखाडी अक्षरं तिला दिसेचनात, फोन पदराच्या सावलीत धरून वाचत होती. मोबाईल नंबर तिनं मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकड्यांत टाकला. फॉर्म म्हणाला, "१० अंकी क्रमांक प्रविष्ट करा". दहाच होते. तिनं बोटानं दोनदा मोजले आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "मलेच येत नाही रे हे."

चूक माझी आणि माफी ती मागून राहिली. तर सांगा, वेगळा मोड काढू का? आणि या वसंतचं काय करू?

मात्रा_वेलांटी

आधी वसंत. तू रेजेक्समध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या सूत्रात, फक्त 'अक्षर' हा गट घेतला असशील. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या हिशेबात श, र, द ही अक्षरं. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह ही अक्षरं नाहीत, त्यांचा गट वेगळा. म्हणून बिनमात्र्याचा शरद सुटतो आणि वसंत अनुस्वारात अडकतो. तो दुसरा गटही तपासणीत जोड. तेवढ्यावर थांबू नकोस. 'कऱ्हाडे' मधला ऱ काही कीबोर्ड वेगळ्या अक्षरानं लिहितात, तर काही साध्या र नंतर एक न दिसणारा जोडणारा कोड टाकून. तो कोड या दोन्ही गटांत बसत नाही, म्हणजे कऱ्हाडे पुन्हा बाहेर. शिवाय दिसायला सारखी दोन आडनावं शोधताना जुळत नाहीत ते निराळंच.

खरं विचारशील तर नावाला तपासणी ठेवूच नकोस. रिकामं नाही ना, एवढं पाहा.

आईच्या नंबरचंही असंच. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेतल्या रेजेक्समधला 'अंक' म्हणजे फक्त इंग्रजी ० ते ९. देवनागरी दहा आकडे त्याच्या लेखी शून्य आकडे. पायथन ही दुसरी प्रोग्रॅमिंगची भाषा त्या मानानं समजूतदार आहे, देवनागरी १२ दिला तरी त्याची संख्या करून देतो. देवनागरी आकड्यांचे कोड २४०६ ते २४१५ असे ओळीनं आहेत. प्रत्येकातून २३५८ वजा केले की इंग्रजी आकड्याचा कोड हातात. एका ओळीचं काम आहे, ते लोकांकडून कशाला करवून घेता?

आणि खाते क्रमांकाच्या रकान्याला 'नंबर' प्रकार देऊ नकोस. कोडात संख्या म्हणून वाचला की सुरुवातीची शून्यं गेली. साधा मजकूर ठेव आणि इनपुटमोड न्यूमेरिक दे, आकड्यांचा कीबोर्ड आपोआप वर येतो.

खिडकी_नंबर_३

मी ३१ वर्षं एका बँकेत काउंटरला होतो, आता निवृत्त. रेजेक्स काय ते मला कळत नाही, पण रांग कळते.

पहिली गोष्ट. स्लिप चुकली म्हणून मी कधी कोणाला 'अवैध' म्हटलं नाही. स्लिप फिरवून समोर धरायची, पेन टेकवायचं आणि म्हणायचं, "काकू, इथे सही राहिली." बाकीचं लिहिलेलं तसंच राहायचं. तुमच्या यंत्रात एक रकाना चुकला की बाकीचे चार पुसले जातात, हो ना? आमच्या काळी एखाद्या कारकुनानं चुकलेली स्लिप फाडून नवी भरायला लावली असती, तर महाल भागातल्या बायांनी त्याचा दुपारचा डबा गोड लागू दिला नसता.

दुसरी गोष्ट. माझा चष्मा आतल्या खोलीत आणि पासबुक गोदरेजच्या कपाटात. दोन्ही घेऊन येईस्तोवर तुमचं पान म्हणतं, वेळ संपली, पुन्हा सुरू करा. संपतेय हे आधी तरी सांगा.

तिसरी आणि खरी. लोक रांगेत कशासाठी उभे राहतात ते कोणी विचारलं का? माझा अंदाज सांगतो. शिक्क्यासाठी. ऑनलाइन पावतीवर गोल शिक्का आहे का तुमच्या? नसेल तर तो कागद आमच्या पिढीसाठी पावती नाही, नुसता कागद आहे.

पिक्सेलताई

काकांच्या वेळेच्या मुद्द्याला तर नियमच आहे. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेले जागतिक नियम. त्यात एक मार्ग असा दिलाय की वेळ संपण्याआधी सूचना द्यायची, निदान २० सेकंद हातात ठेवायची, आणि एका साध्या कृतीनं वेळ वाढवता आली पाहिजे, तीही १० वेळा तरी.

'ज्येष्ठ मोड' मुळीच नको. आई दाबणार नाही म्हणाली ना? कोणीच दाबत नाही. शिवाय सहा महिन्यांनी नवी सोय मुख्य पानावर येते आणि त्या मोडमध्ये राहून जाते. आहे तेच पान नीट करा.

राखाडी अक्षरांचं गणित सोपं आहे. पांढऱ्यावर #९९९ हा रंग घेतला तर अक्षर आणि पान यांच्या उजळपणातला फरक २.८५:१ च्या आसपास येतो. साध्या मजकुराला निदान ४.५:१ लागतो. #७६७६७६ जेमतेम पास होतो. जेमतेम म्हणजे एसी लावलेल्या खोलीत. नागपूरच्या मे महिन्यातल्या गच्चीत काळ्याच्या जवळचंच काहीतरी घ्या. आणि रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट लिहू नका, बाहेर वर लिहा. टाइप करायला लागलं की आतलं गायब होतं आणि माणूस विसरतो की इथे काय भरत होतो. मीही विसरते.

मराठी मथळ्याला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलं असेल तर काढून टाका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

'प्रविष्ट करा' हे कोणत्या घरात बोलतात? "नंबर लिहा". चुकला तर "नऊच आकडे आलेत, दहा हवेत". पान मराठीत केलं म्हणजे सोपं झालं असं नाही हो, अशा मराठीपेक्षा लोक इंग्रजी पान बरं म्हणतात.

आता शाखेत जाऊन बसा आणि सभासदांना फॉर्म भरताना पाहा. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्या याचे जाणकार जेकब निल्सन यांनी २००० साली लिहिलंय की अशा चाचणीला पाच माणसं पुरतात. "सोपं आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. काम द्या आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड.

अंबाझरीकाठ

मंगळवारी जाऊन आलो. पाच जण, पाच चहा, आणि पिक्सेलताई, मी दोनदाच बोललो.

नावाची तपासणी काढली, आकडे बदलून घेतो, राखाडी गेला. पण तिघं ज्या ठिकाणी अडकले ते माझ्या यादीतच नव्हतं. ओटीपी आला की मेसेज पाहायला पानातून बाहेर जातात आणि परत येईस्तोवर जुन्या फोनवर पान नव्यानं उघडतं, भरलेलं सगळं साफ. आता लिहिलेलं जपून ठेवतो आणि त्या रकान्याला वन-टाइम-कोड असं सांगितलं, म्हणजे ज्या फोनवर जमतं तिथे कोड कीबोर्डच्या वरच येतो, बाहेर जावं लागत नाही.

काका, शिक्क्याचं शंभर टक्के. पावतीवर गोल शिक्का छापला. एका आजोबांनी तो झूम करून पाहिला आणि मगच खिशातून पाकीट काढलं.

एका मावशींनी मात्र माझी झोप उडवली. त्यांना सगळं जमलं, एकदाही अडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता बाकीचे तीन?" पिशवीत चार पासबुकं. स्वतःचं, जावेचं, शेजारणीचं आणि घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचं. दर महिन्याला त्या एकट्याच चौघींचे पैसे घेऊन येतात. आमच्या साइटवर एका मोबाईलला एकच खातं. म्हणजे रांगेतला एक माणूस म्हणजे एक सभासद, हा माझा हिशेबच चुकला. चार खाती एका पडद्यावर कशी मांडायची? नावानं की क्रमांकानं?

खिडकी_नंबर_३

पासबुकं रबर लावून आणतात त्या. सगळ्यात वर कोणाचं होतं ते पाहिलं का? माझ्या खिडकीत ज्याच्या हप्त्याची तारीख आधी, त्याचं वर असायचं.