रोटरी टेबलचं वर्म व्हील: टॅपने बरोबर ९० दाते कसे पाडावेत?

घरच्या मिलिंग मशीनसाठी १५० मिमी व्यासाचं रोटरी टेबल (काम हवं तेवढ्या कोनात फिरवणारं गोल टेबल) करतोय. टेबल बिडाचं, त्याला फिरवणारं वर्म व्हील (दातेरी चाक) गनमेटलचं (काशाच्या जातीचा धातू), त्यात अडकणारा वर्म (हँडलने फिरणारा आट्यांचा दांडा) ईएन ८ पोलादाचा. ९० दाते म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात ४ अंश. डायलवर ४८ भाग केले की एक भाग ५ मिनिटांचा. हॉब (असे दाते पाडायचं खास कटर) नाही, दाते एम १६ × २ टॅपनेच, म्हणजे १६ मिमी व्यासाचे, २ मिमी पिचचे आटे पाडायच्या हत्यारानेच पाडायचेत.

९० × २ = १८० मिमी परीघ, म्हणून पिच व्यास (दात्यांच्या साधारण मध्यावरचा) ५७.३ आणि ब्लँक (दाते पाडायच्या आधीचं कोरं चाक) ५८.६ मिमी. पण ब्लँक मोकळा ठेवून टॅपनेच फिरू दिला तर टॅप आधी बाहेरच्या व्यासावर टेकणार. तिथला परीघ १८४, म्हणजे ९२ दाते! व्यास किती ठेवू? आणि ढिलाई कशी काढू?

प्रतिसाद १
ब्लँक ५८.६च ठेवा. ५७.३ केलात तर दाते बुटके राहतील. संख्या व्यासावर सोडायचीच नाही, आधी ९० खाचा पाडून पक्की करायची. व्हीलच्याच स्पिंडलवर २०० मिमीची चकती बसवून तिच्याभोवती ९० भागांची कागदी पट्टी गुंडाळा. पट्टीवर अर्धा मिमी चुकला तरी दात्यावर ०.१५च्या आत राहतो, आणि उरलेलं टॅप बरंचसं सारखं करतो. ६० अंशी टोकाच्या टूलने ०.८ मिमी खोल खाच पाडा, टॅपच्या आट्याच्या दिशेने अडीच अंश तिरकी.

मग सेटमधला शेवटचा, पूर्ण दात्यांचा टॅप घ्या. मागचं टोक चकमध्ये, पुढचं सेंटरवर. नाहीतर टॅप वाकतो आणि दाते एका बाजूला उथळ पडतात. एका खाचेला शाईची खूण करा. टॅपच्या ९० फेऱ्यांनी ती जागेवर आलीच पाहिजे. मगच आणखी ०.१ मिमी आत घ्या.

प्रतिसाद २
दातेही त्याच स्पिंडलवर पाडा. व्हील ०.०२ मिमी जरी मध्यापासून सरकलं तरी कोन २.४ मिनिटांनी चुकतो, शिवाय एका बाजूला घट्ट, दुसरीकडे सैल लागतं.

वर्म आणि व्हीलच्या मध्यांत ३६ मिमी अंतर येईल. वर्म एक्सेन्ट्रिक बुशमध्ये (भोक मध्यापासून सरकलेलं, बुश फिरवलं की वर्म व्हीलजवळ येतो) बसवा आणि सगळ्यात घट्ट जागी ढिलाई काढा. पण लोक खरी ढिलाई शोधतात दात्यांत आणि ती असते वर्मच्या पुढे-मागे सरकण्यात: ०.०५ मिमी एंड प्ले म्हणजे सरळ ६ मिनिटं, डायलच्या एका भागापेक्षा जास्त! दोन्ही बाजूंना थ्रस्ट बेअरिंग (दांड्याचा पुढे-मागे दाब झेलणारं) आणि मागे बारीक आट्याची लॉक नट हवीच. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) ७५ मिमी त्रिज्येवर लावून तपासा, तिथे ०.०२ मिमी म्हणजे साधारण १ मिनिट.

टी-स्लॉट (काम बांधायच्या टी आकाराच्या खाचा) आधी पाडा, टेबलाच्या तोंडावरचा शेवटचा हात नंतर. स्लॉट पाडल्यावर बीड थोडं हलतं.

मूळ प्रश्नकर्ता
टेबल जागेवर पकडायचा क्लॅम्प आवळताना टेबल फिरणार नाही ना?

प्रतिसाद २
बोल्टचं टोक थेट टेबलावर दाबलं तर फिरेल. मधे पितळी तुकडा ठेवा, तो बोल्टबरोबर फिरत नाही. समोरासमोर दोन क्लॅम्प द्या आणि प्रत्येक कटाआधी दोन्ही आवळा, कटाचा धक्का वर्मवर येऊ देऊ नका.