मदत हवी आहे : पद्मिनीच्या सिलवरील जुने, वाईट वेल्डिंग सुरक्षितपणे कसे काढावे?

नमस्कार मंडळी,

मामांकडून आलेली १९७९ ची प्रीमियर पद्मिनी मी रत्नागिरीत घरीच दुरुस्त करतो आहे. इंजिन आणि ब्रेक यांची कामे मार्गी लागली आहेत. घोडे अडले आहे ते बॉडीपाशी. या गाडीला स्वतंत्र चॅसी, म्हणजे खालचा वेगळा सांगाडा, नाही. दाराखालचे सिल, फ्लोअर आणि त्यांना जोडलेले बॉक्स हेच सगळा भार पेलतात, आणि नेमक्या त्याच भागांवर पूर्वी कोणीतरी अत्यंत निष्काळजीपणे वेल्डिंग करून ठेवले आहे.

डाव्या सिलचा सडलेला पत्रा न काढताच त्यावर सुमारे ३ मिलिमीटर जाडीची प्लेट आर्क वेल्डिंगने चढवलेली आहे. मूळ पत्रा धड असलेल्या जागी जेमतेम १ मिलिमीटर भरतो, त्यामुळे जाड प्लेट तापेपर्यंत पातळ पत्रा जळून गेला आणि आता वेल्डच्या कडेने लांब चीर पडली आहे. त्या चिरेत स्क्रू ड्रायव्हर घालून हलवला तेव्हा गंजाचे पापुद्रे आणि त्यांच्यासोबत ओलसर वाळू बाहेर आली. पाण्याचा निचरा होण्यासाठी सिलच्या तळाशी असलेली भोके प्लेटखाली बुजली आहेत, म्हणजे किनाऱ्यावरची खारी ओल इतकी वर्षे आतच कोंडून राहिली. उजवीकडे फ्लोअरची कड पितळेने जोडून वर लांबी (पुटी) भरलेली आहे. डाव्या मागच्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा ब्रॅकेट जिथे बसतो, तिथे तर ठिगळावर ठिगळ आहे.

एका गॅरेजवाल्यांनी गॅस कटरने सगळे एकदम उडवून देण्याचा सल्ला दिला, जो मला पटलेला नाही. डांबरी कोटिंग पेट घेईल आणि उरलेला चांगला पत्राही वेडावाकडा होईल. नवीन सिल कोल्हापूरहून वाकवून आणता येईल. मला विचारायचे आहे ते त्याआधीचे : हे भाग कोणत्या क्रमाने काढावेत, खालचा चांगला पत्रा न कापता वेल्ड कसा सोडवावा, आणि तोपर्यंत बॉडी खचू नये म्हणून काय करावे? माझ्याकडे ग्राइंडर, ड्रिल आणि सीओटू (मिग) वेल्डिंगचे छोटे मशीन आहे.

प्रतिसाद

गॅस कटरला नकार दिलात हे उत्तम केलेत. पेट्रोलची टाकी, सीट, गालिचे आणि बॅटरी आधी गाडीबाहेर काढा, ग्राइंडर चालेल त्या भागातली वायरिंग बाजूला घ्या आणि डांबरी थर हीट गनने मऊ करून खरवडून टाका. ठिगळ जस्ताच्या पत्र्याचे निघाले तर त्याच्या धुराने ताप भरतो, म्हणून काम उघड्यावर करा.

कापण्यापूर्वी दारे जागेवर ठेवून त्यांच्या फटी मोजा आणि लिहून ठेवा. जॅक मधोमध लावू नका. गाडीचे वजन चाकांवर असते तसेच राहावे म्हणून मागे अ‍ॅक्सलखाली आणि पुढे सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली भक्कम स्टँड द्या. फटी बिघडलेल्या असतील तर त्या आत्ताच जुळवून घ्या. नंतर दार उतरवून बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा आणि एक तिरका बसवा. शक्य असेल तिथे तो बिजागरीच्या भोकांतूनच बोल्टने आवळा, म्हणजे पुन्हा पुन्हा काढून दार बसवून पाहता येते. एक बाजू पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

आता मूळ प्रश्न. पहिला काप वेल्डवर घेऊ नका. वेल्डपासून बोटभर आत, फक्त प्लेटमध्ये, १ मिलिमीटरच्या कटिंग व्हीलने खिडकीसारखा चौकोन कापा आणि मधला तुकडा काढून घ्या. आत काय शिल्लक आहे ते एकदा डोळ्यांनी दिसले की पुढचे निर्णय सोपे जातात. राहिलेली पट्टी प्लेटच्या बाजूने फ्लॅप डिस्कने घासत आणा. ती कागदासारखी पातळ झाली की दोन पत्र्यांमधली रेघ दिसू लागते. तिथे पातळ छिन्नी घालून हलक्या हाताने उचला. कंपनीचे स्पॉट वेल्ड (ठिपक्यांसारखे मूळ जोड) असतील तिथे रंग काढून पंच मारा आणि ८ मिलिमीटरच्या स्पॉट कटरने फक्त वरचा थर सोडवा.

पितळेवर मात्र दया करू नका. त्यावर सीओटू वेल्डिंग केले की तांबे आणि जस्त वेल्डमध्ये मिसळतात, जोड ठिसूळ होतो आणि तडकतो. पिवळी कड दिसते तिच्यापलीकडे स्वच्छ पोलाद लागेपर्यंत पत्रा कापून टाका. आतला भाग गोड्या पाण्याने धुवून मीठ घालवा, गरम हवेने पूर्ण सुकवा आणि प्रायमर त्याच दिवशी मारा. आपल्याकडच्या हवेत उघडा पत्रा सकाळपर्यंत तांबूस झालेला असतो.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. पाट्याच्या ब्रॅकेटचे काम सिलबरोबरच करावे की नंतर? तसेच मागच्या खांबाच्या पायथ्याशी एक ओबडधोबड, पण घट्ट वाटणारा जुना वेल्ड आहे. तोही काढावा का?

प्रतिसाद

ब्रॅकेट नंतर, आणि सिल पक्के झाल्यावरच. तेव्हा मागची बॉडी वेगळ्या स्टँडवर घेऊन पाटा आधी उतरवा, कारण त्याच्यावरचा ताण तसाच ठेवून कापणे धोक्याचे आहे. ब्रॅकेटची जागा हरवू नये म्हणून जाड पट्टीचा एक साचा करा : तिचे एक टोक पाट्याच्या बोल्टच्या भोकात आणि दुसरे फ्लोअरच्या धडधाकट भागावर बोल्टने आवळलेले असावे. ते भोक थोडेसे जरी सरकले तरी मागचा अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

खांबाच्या पायथ्याशी असलेला वेल्ड हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला, कडेला चीर नसली आणि मागच्या बाजूने गंज दिसत नसेल, तर केवळ कुरूप आहे म्हणून तो काढू नका; वरून घासून सारखा करा आणि रंगाखाली जाऊ द्या. आवाज बद्द आला तर मात्र तोही उघडावा लागेल, पण डावे सिल पूर्ण जोडून दार नीट लागते याची खात्री झाल्यावरच.