उत्तर बरोबर, तरी गुण का कापले?

एकांनी म्हटलंय, की आयओक्यूएमचा (गणित ऑलिंपियाडची पहिली पात्रता परीक्षा) सराव झाला की आरएमओची (त्यापुढची प्रादेशिक फेरी) तयारी आपोआप होते. मला हे पटत नाही. आयओक्यूएममध्ये 3 तासांत 30 प्रश्न असतात आणि फक्त पूर्णांकी उत्तर तपासलं जातं. आरएमओत तेवढ्याच वेळात 6 प्रश्न, आणि तपासली जाते ती सिद्धता.

मुलं हमखास कुठे अडकतात ते फल-समीकरणांत (जिथे संख्या नव्हे, तर फल म्हणजे फंक्शन फ शोधायचं असतं) दिसतं. समजा, फ(क्ष)² = क्ष² इथवर पोहोचलात. लगेच "म्हणून फ(क्ष) = क्ष किंवा फ(क्ष) = −क्ष" लिहून थांबायचं नाही. हा पर्याय प्रत्येक क्ष साठी वेगळा असू शकतो! शून्येतर अ आणि ब घ्या, फ(अ) = अ आणि फ(ब) = −ब माना, मूळ समीकरणात दोन्ही घाला आणि विसंगती दाखवा. खरं तर प्रश्नाचा गाभा बहुधा इथेच असतो. शेवटी मिळालेली फलं मूळ समीकरणात घालून पडताळा. ती एक ओळ राहिली तरी गुण जातात.

म्हणून आठवड्याला 3-4 प्रश्नच घ्या, पण पूर्ण लिहा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. कॅल्क्युलस अभ्यासक्रमात नाही, त्यावर वेळ घालवू नका.