तीन घरांची मिळून मुंबई–गोवा क्रूझ: सोबत वृद्ध आई असताना खोली कोणती घ्यावी आणि काळ कोणता धरावा?

प्रश्न (हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. आमचे घर, धाकट्या भावाचे घर आणि शेजारच्या गावातील मित्राचे कुटुंब अशा तिघांनी मिळून यंदा मुंबईहून गोव्यापर्यंतची छोटी क्रूझ करावी, असा विचार चालला आहे. सोबत सत्तरी ओलांडलेली आई असेल. तिला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत, गुडघे दुखतात, आणि तिने आजवर समुद्र पाहिलेला नाही. तिला तो दाखवावा, हेच या सहलीचे मूळ कारण आहे. एजंटने सर्वांत स्वस्त म्हणून बिनखिडकीच्या खोल्या सुचवल्या असून एका खोलीत चौघे सहज मावतात, असे सांगितले आहे. आईला बोट लागेल का, खोली कोणती घ्यावी, आणि कापसाची उलंगवाडी होऊन चुकारे हाती आल्यावर नेमका कोणता काळ धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (दर्यापूर, जि. अमरावती)

दादा, सहल आईंसाठी असेल तर खोलीही आईंकडे पाहूनच ठरवावी, बाकीच्यांची सोय मागाहून लागते. चौघांच्या खोलीत दोघांचे बिछाने खाली असतात आणि उरलेले दोन भिंतीतून उघडणारे, शिडीने चढायचे असतात. तिथे मुले आनंदाने झोपतील, पण जमिनीवर मोकळी जागा फार थोडी उरते आणि रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला अडखळण्याची भीती राहते. म्हणून आई आणि घरातील एक बाई अशा दोघींसाठी स्वतंत्र, खिडकीची खोली घ्या, आणि मुलांना व पुरुषांना खुशाल बिनखिडकीच्या खोल्यांत ठेवा. खर्च त्या एकाच खोलीपुरता वाढेल.

बोट लागण्याचे कारण असे, की कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते, पण डोळ्यांना चार भिंती स्थिर दिसतात आणि मेंदूला त्या दोहोंचा मेळ घालता येत नाही. क्षितिज दिसत राहिले की हा त्रास बराच कमी होतो. खिडकीचा आग्रह त्यासाठीच आहे. दुसरे म्हणजे खोली जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यावर मागावी. एसटीत मागच्या सीटवर बसणाऱ्याला जसे जास्त हादरे बसतात, तसे जहाजाच्या दोन्ही टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे अधिक जाणवतात. मात्र लिफ्टपासून ती खोली किती दूर आहे, हे नकाशावर पाहूनच होकार द्या, कारण या जहाजांतील बोळ लांबच लांब असतात. मुंबईहून २०२१ पासून अशा सहली करणारे कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे जहाजच ११ मजल्यांचे आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सर्व प्रवाशांना आपत्कालीन सराव करावा लागतो. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की ठरलेल्या जागी जमायचे असते, आणि खऱ्या प्रसंगी लिफ्ट वापरता येत नाही. आईंना जिने चढणे जमत नसल्याचे बुकिंग करतानाच लेखी कळवावे आणि बंदरावर चाकाची खुर्चीही तेव्हाच मागून ठेवावी. उलटीची गोळी मात्र रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत चालते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

उत्तर (उमरखेड, जि. यवतमाळ)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. पैशाविषयी थोडे लिहिते, कारण आमच्या एजंटने सुरुवातीला केवळ मूळ भाडे दाखवले होते. बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवा शुल्क शेवटच्या आठवड्यात पुढे आले, आणि सोबतच्या दोन घरांत त्यावरून उगाच कडवटपणा आला. हे सर्व धरून प्रत्येक घराचा आकडा आधीच लिहून घ्या. जेवण भाड्यातच असते आणि शाकाहारी पदार्थ भरपूर मिळतात, परंतु दारू, इंटरनेट आणि गोव्यातील फिरणे यांचे पैसे वेगळे पडतात. मुलांच्या हाती दिलेल्या खोलीच्या कार्डावर खरेदी होऊ शकते, म्हणून ती सोय बंद करून घ्यावी.

आईंच्या आधार कार्डावरील नाव आणि तिकिटावरील नाव अक्षरशः जुळते का, ते आजच पाहा. आपल्याकडे वयस्क बायकांच्या कार्डावर कुठे वडिलांचे, कुठे नवऱ्याचे नाव असते, आणि बंदरावर मूळ ओळखपत्र पाहूनच आत सोडतात. मोठ्या पिशव्या तिथेच जमा होतात व खोलीवर काही तासांनी पोचतात. त्यामुळे गोळ्या, चष्मा आणि एक लुगडे हातातल्या पिशवीत असू द्या. किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते, म्हणून जेवणाची वेळ आणि भेटण्याची जागा सर्वांनी आधीच ठरवावी.

उत्तर (पुलगाव, जि. वर्धा)

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो आणि मे उतरतीला लागला की लाटा वाढू लागतात. तुरीची मळणी आटोपल्यावर, हरभरा सोंगण्याआधीचे फेब्रुवारीतले दिवस आपल्याला सोयीचे आहेत. तेव्हा समुद्रही बहुधा शांत असतो आणि मुलांच्या परीक्षांना अवकाश असतो. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणून आधी जहाजाची तारीख पक्की करावी. वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसने गेल्यास सकाळी सीएसएमटीला उतरता येते आणि तिथून बॅलार्ड पिअर हा जहाजाचा धक्का अगदी जवळ आहे. तरीही गाडीला उशीर होण्याचा धोका पाहता एक दिवस आधीच पोचावे. त्या मोकळ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीतून आईंना नेऊन आणा. साधारण तासाभराचाच प्रवास आहे. पाणी त्यांना कितपत सोसते, याचा अंदाज त्यात येईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आईसाठी खिडकीची खोली घेण्याचे आम्ही पक्के केले आहे. मात्र मित्राचा आग्रह गोव्याऐवजी लक्षद्वीपच्या सहलीचा आहे. आई सोबत असताना ते जमेल का?

उत्तर (दर्यापूर, जि. अमरावती)

यंदा तरी गोवाच करा. गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागते आणि धक्क्यावर पायी उतरता येते. तिन्ही घरांनी मिळून एक गाडी ठरवली की आईंना मंगेशीचे दर्शनही घडेल. लक्षद्वीपला मोठे जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि हेलकावणाऱ्या लहान बोटीत पाऊल टाकून किनारा गाठावा लागतो, जे दुखऱ्या गुडघ्यांना झेपणारे नाही. समुद्राला उधाण असेल तर तिथले उतरणे रद्दही होते. शिवाय तिथे जाण्यासाठी प्रत्येकाचा परवाना लागतो. मित्राला जायचेच असेल तर त्यांचे कुटुंब ती सहल पुढे कधी वेगळी करू शकेल.